बांध पाण्याला, शब्दांना नाही

समुद्राला रोखून धरण्यात ज्यांची हयात गेली, त्या डच लोकांनी शब्दांना मात्र कधी अडवले नाही. त्यांच्या रोजच्या बोलण्यातले काही शब्द उकलून पाहिले, तर एका छोट्या देशाचा इतिहास हाती लागतो. त्यातला एखादा धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो.

सकाळी उठून आपण आधी गॅस पेटवतो. चहाचे आधण ठेवतो. मुलांच्या डब्यात पोळीभाजी भरली की कोपऱ्यात दोन कुकीज सरकवतो. घड्याळाकडे नजर जाताच आज बॉस काय म्हणेल या धास्तीने पावले उचलतो. दिवस सुरू होऊन तासभरही झालेला नसतो, तोवर आपण तीन शब्द असे वापरलेले असतात, की ज्यांचे माहेर डच आहे. हे शब्द इंग्रजीतून आले अशी आपली समजूत असते. ती खरी आहे, पण अर्धीच. इंग्रजीने ते डचांकडून उचलले आणि मग आपल्या सामानाबरोबर इकडे आणले.

गॅसचीच गोष्ट पाहा. यान बाप्टिस्टा फान हेल्माँट हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस ब्रुसेल्समध्ये जन्मलेला वैद्य आणि रसायनाचा अभ्यासक. त्याने बासष्ट पौंड कोळसा जाळला, तेव्हा मागे राख उरली फक्त एक पौंड. बाकीचा कोळसा गेला कुठे? डोळ्यांना न दिसणारे, भांड्यात कोंडून न राहणारे असे काहीतरी त्यातून निघून गेले होते. त्याला नाव हवे होते. सृष्टीच्या आधीच्या अस्ताव्यस्त अवस्थेला ग्रीक भाषेत 'खाओस' म्हणतात. डच भाषेतला 'ग' घशातून, जवळजवळ आपल्या 'ख'सारखा उच्चारतात. त्यामुळे 'खाओस' ऐकून डच कानाने लिहिले 'गॅस'. हेल्माँट १६४४ साली वारला. त्याच्या मुलाने १६४८ साली त्याचे ग्रंथ छापले आणि हा शब्द जगभर पसरला. आपण गॅस म्हणतो. डच माणूस अजूनही त्याला 'खास' म्हणतो!

कोण हे वलंदेज?

या लोकांची आपली ओळख तशी जुनी. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांची जी नावे येतात, त्यांत इंग्रज, फिरंगी आणि फरासीस यांच्याबरोबर 'वलंदेज'ही आहेत. वलंदेज म्हणजे हॉलंडवाले. पोर्तुगीज त्यांना 'ओलांदेश' म्हणत, त्याचे आपल्या तोंडी वलंदेज झाले. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिचा आधार असे. त्या वखारीचे अवशेष आजही वेंगुर्ल्यात उभे आहेत.

'डच' हे नाव मात्र त्यांचे स्वतःचे नव्हे. ते इंग्रजांनी दिलेले. 'डच' आणि जर्मन लोकांचा 'डॉइच' हे सख्खे भाऊ. दोन्हींच्या मुळाशी 'लोक' या अर्थाचा एक जुना जर्मानिक शब्द आहे. विद्वानांची भाषा लॅटिन, तर ही लोकांची भाषा. आपल्याकडे संस्कृत आणि प्राकृत असा भेद होता, तशातलाच हा प्रकार. स्वतः डच लोक आपल्या भाषेला 'नेडरलांड्स' म्हणतात. 'नेडर' म्हणजे खालचा आणि 'लांड' म्हणजे देश. खालच्या देशाची ती भाषा. देशाच्या नावातच सांगून टाकले आहे, की आम्ही खाली आहोत आणि पाणी वर आहे.

पाण्याने शिकवलेली भाषा

नेदरलँड्सचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. ज्या जमिनीभोवती बांध घालून आतले पाणी उपसून काढले, तिला म्हणतात 'पोल्डर'. आपल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला फार लांब जायला नको. पेण-अलिबागकडचा खारेपाट किंवा गोव्यातली खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पोल्डर कळलाच. बांधाला शब्द आहे 'डाइक'. नदीला घातलेला बंधारा तो 'डाम'. आम्स्टेल नदीवरचा डाम ते आम्स्टरडॅम, रॉटे नदीवरचा डाम ते रॉटरडॅम. आम्स्टरडॅमचे नाव १२७५ सालच्या एका जकातमाफीच्या सनदेत पहिल्यांदा आढळते. आज जगाच्या नकाशावर ठळक दिसणारे हे शहर मुळात एक बंधारा आणि त्याच्या कडेची वस्ती.

या डाइकने भाषेत काय काय रुजवले ते पाहण्यासारखे आहे. एखाद्या कामाचा खरोखर उपयोग झाला, तर डच माणूस म्हणतो, यामुळे 'बांधावर ढेप पडली'. बांध मजबूत करायला त्यावर गवताच्या मुळ्यांसकट मातीच्या ढेपा लावत, त्यावरून हे आले. उलट, एखाद्याला नोकरीवरून काढले, तर त्याला 'बांधावर नेऊन ठेवले'. आणि सगळ्यांत करारी म्हण ही: 'वी नीट विल डाइकन, मूट वाइकन.' बांध घालायला जो तयार नसेल त्याने इथून निघावे.

ही नुसती म्हण नव्हती, कायदा होता. मध्ययुगात प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला बांधाचा ठरावीक तुकडा येई. त्याची डागडुजी त्यानेच करायची. ज्याला ती झेपेना, त्याने आपली कुदळ बांधात रोवायची आणि जमीन सोडून चालते व्हायचे. जो ती कुदळ उपटून काढील, त्याची ती जमीन, आणि त्या बांधाची जबाबदारीही त्याचीच. कारण साधे होते. एकाच्या तुकड्याला भगदाड पडले, की गाव सगळ्यांचेच बुडणार. तिथे शेजाऱ्याशी अबोला परवडत नाही.

म्हणून बांध आणि पाणी सांभाळणारी मंडळे तेराव्या शतकापासून उभी राहिली. त्यांना 'वाटरस्खाप' म्हणतात. त्यांच्या निवडणुका आजही होतात आणि अशी एकवीस मंडळे सध्या काम करतात. सगळ्यांनी एकत्र बसून, भरपूर बोलून, थोडे मागेपुढे सरून निर्णय घ्यायचा, या पद्धतीला विसाव्या शतकाच्या शेवटी नाव मिळाले 'पोल्डर मॉडेल'. त्याचे 'पोल्डरन' असे क्रियापदही झाले. चिखलाच्या जमिनीचा शब्द राज्यकारभाराचा शब्द होऊन बसला.

१९५३ सालच्या जानेवारीची अखेरची रात्र मात्र कोणताच डच माणूस विसरत नाही. वादळ आणि उधाणाची भरती एकदमच आली, झीलँड आणि आसपासच्या प्रांतांतले बांध फुटले. १,८३६ माणसे गेली. या आपत्तीला जो शब्द आहे तो 'वाटर्सनोट'. 'नोट' म्हणजे संकट, निकड. पुरासाठी साधा शब्द असताना भाषेने हा वेगळा शब्द राखून ठेवला आहे. तो उच्चारताना जुनी माणसे आवाज खाली आणतात.

पाण्याच्याच अंगाने आलेली आणखी एक म्हण ऐकून आपल्याला घरचेच कोणी भेटल्यासारखे वाटेल. वेळ गेल्यावर शहाणपण सुचले, तर डच म्हणतात, 'वासरू बुडाल्यावर विहीर बुजवली.' आपण म्हणतो, बैल गेला अन् झोपा केला. गुरे बदलली, पश्चात्ताप तोच. आणि मूळ दुखणे तसेच ठेवून वरवर मलमपट्टी चालली असेल, तर तिकडे 'नळ उघडा ठेवून फरशी पुसणे' म्हणतात. हा वाक्प्रचार आपल्या नगरपालिकांनाही उपयोगी पडावा.

ताटातले शब्द

डच जेवण साधे. दुपारी गरम स्वयंपाक करायची पद्धत फारशी नाही. पाव कापायचा, वर काहीतरी घालायचे, झाले जेवण. पावाच्या या कापेला म्हणतात 'बोटरहाम'. बोटर म्हणजे लोणी. 'हाम' ऐकून डुकराचे मांस आठवते, पण त्याचा इथे काही संबंध नाही. आपण पोटासाठी 'भाकरी मिळवणे' म्हणतो, तसे डच माणूस 'बोटरहाम मिळवतो'. घरात पावावर घालायला काहीच नसेल, तर आई मुलांना सांगते, आज 'समाधानाचा बोटरहाम' आहे. म्हणजे कोरा पाव, आणि सोबतीला समाधान. गरिबीला इतके नीट झाकणारा शब्दप्रयोग आपल्याकडच्या कोणत्याही माउलीला पटेल.

पावावर घालायचे चॉकलेटचे बारीक दाणे म्हणजे 'हाखलस्लाख'. शब्दाचा मूळ अर्थ गारपीट! घरात मूल जन्माला आले, की भेटायला येणाऱ्यांना टोस्टसारख्या कुरकुरीत पावावर साखरेत घोळवलेली बडीशेपेसारखी बी घालून देतात. तिचे नाव 'मौशेस', म्हणजे पिटुकले उंदीर. बीला देठाची शेपटी असते, म्हणून हे नाव. मुलगी झाली तर गुलाबी आणि मुलगा झाला तर निळे. आपले पेढे आणि बर्फी यांची ही डच भावंडेच. २००३ साली राजघराण्यात राजकन्या आमालिया जन्मली, तेव्हा ते नारिंगी रंगात निघाले.

नारिंगी का, तर राजघराण्याचे नाव ओरान्ये. ते फ्रान्समधल्या ओरांज गावावरून पडले. पण फळाचे नाव आणि गावाचे नाव एकसारखे ऐकू येऊ लागले आणि रंग चिकटला. फळाचा तो शब्द मात्र आपल्याकडून गेलेला आहे. संस्कृत 'नारंग' फारसीत गेला, अरबांबरोबर भूमध्य समुद्र ओलांडून फ्रेंचमध्ये 'ओरांज' झाला. म्हणजे डच फुटबॉल संघ ज्या रंगाचा सदरा घालून मैदानात उतरतो, त्या रंगाचे नाव मुळात भारतीय आहे. गंमत अशी, की ते फळ मात्र डच भाषेत 'सीनासापल'. त्याचा अर्थ चीनचे सफरचंद. गोड संत्री चीनकडून आली म्हणून. बटाटा झाला 'आर्डापल', म्हणजे भुईचे सफरचंद. नवे काही दिसले, की आधी ओळखीच्या सफरचंदाशी त्याचे नाते जोडायचे, असा एकूण खाक्या.

शिळोप्याच्या गप्पा

डच लोकांना त्यांचा सर्वांत लाडका शब्द विचारा, बहुतेक जण सांगतील 'खेझेलिख'. दिवा मंद आहे, बाहेर पाऊस आहे, चार आपली माणसे जमली आहेत, कॉफी झाली आहे आणि कुणालाच उठायची घाई नाही, हे सगळे मिळून खेझेलिख. शब्द आला 'खेझल' म्हणजे सोबती यापासून. सोबती तरी कोण? जो आपल्याबरोबर एकाच दालनात राहतो तो. जुन्या कारागिरांच्या संघांत शिकाऊ आणि उस्ताद यांच्या मधल्या पायरीवरच्या कारागिरालाही खेझलच म्हणत. एका छपराखाली काम, एका छपराखाली झोप. त्या सहवासाची ऊब या शब्दात उतरली आहे. अशा वेळी ज्या गप्पा होतात, त्यांना म्हणायचे 'गाईवासरांच्या गप्पा'. आपण त्यांना शिळोप्याच्या गप्पा म्हणतो.

डचांना नावे लहान करायची भारी हौस. शब्दाला 'ये' लावला की तो लाडका होतो. 'कूक' म्हणजे केक, 'कूक्ये' म्हणजे छोटा केक. तीच आपली कुकी. आपणही डबा-डबी, लोटा-लोटी, टोपले-टोपली असे करतोच. संसार थाटून सुखाने राहणे याला डचमध्ये तीन लहानग्या शब्दांची माळ आहे: घरकुल, झाडुकले, प्राणुकला. तरुण मंडळी तो शब्दप्रयोग जरा नाक मुरडून वापरतात, आणि पुढे पाचदहा वर्षांनी नेमके तेच करतात.

रागाचे शब्द मात्र रोगांचे. चिडलेला डच माणूस समोरच्याला कॉलरा होवो म्हणतो, क्षय होवो म्हणतो. आपल्या गावाकडच्या आजीच्या तोंडी 'पटकी येवो तुला' हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. साथीत घरेच्या घरे बसलेली पाहिली, की शिवीही त्याच भीतीतून घडते. रोग आटोक्यात आले, शिव्या राहिल्या.

शास्त्र लोकांच्या बोलीत

आता एका माणसाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. सायमन स्टेव्हिन, जन्म १५४८, गाव ब्रूज. गणिती, अभियंता, राजपुत्र मॉरिसचा सल्लागार. त्या काळी युरोपात शास्त्र लिहायचे ते लॅटिनमध्ये. स्टेव्हिनने १५८५ साली दशांश अपूर्णांकांवर छोटीशी पुस्तिका लिहिली, ती डच भाषेत. जमीन मोजणारे, कापड मोजणारे, दारूची पिंपे मोजणारे यांच्यासाठी ती होती. त्यांना लॅटिन कुठून येणार? पुढच्याच वर्षी स्थितिशास्त्रावरचे पुस्तक त्याने डचमध्येच लिहिले आणि शास्त्र सांगायला आपली भाषा किती लायक आहे, यावर त्याला एक निबंधच जोडला. १६०० साली लायडनला अभियंत्यांसाठी शाळा निघाली. तिचा अभ्यासक्रम स्टेव्हिनने आखला आणि शिकवणे होते डचमध्ये.

शब्द नव्हते, ते त्याने घडवले. युरोपातल्या बहुतेक भाषा गणिताला 'मॅथेमॅटिक्स'चेच कुठले तरी रूप वापरतात. डच मूल मात्र म्हणते 'विस्कुंडे'. 'विस' म्हणजे निश्चित आणि 'कुंडे' म्हणजे ज्ञान. निश्चिताचे ज्ञान ते गणित! स्टेव्हिनच्या शब्दावरून हा शब्द आला. पुढे त्याच चालीवर भौतिकशास्त्र झाले निसर्गाचे ज्ञान, खगोलशास्त्र झाले ताऱ्यांचे ज्ञान आणि रसायनशास्त्र झाले वेगळे करण्याचे ज्ञान. नायट्रोजनला डच शब्द आहे 'स्टिकस्टॉफ', म्हणजे गुदमरवणारा पदार्थ. वर्गात हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाला तो वायू काय करतो हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

साध्या वस्तूंनाही हीच रीत. हातमोजा म्हणजे 'हाताचा जोडा'. व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे 'धूळशोष्या'. इस्पितळ म्हणजे 'आजाऱ्यांचे घर'. कासव म्हणजे 'ढालवाला बेडूक'. परकी माणसे या शब्दांना हसतात. हसण्यासारखे ते आहेतच, पण त्यांचा अर्थ कळायला शाळेत जावे लागत नाही.

आपल्याकडे शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना पर्याय दिले. तो प्रयत्न स्टेव्हिननंतर शंभर वर्षांच्या आतलाच. पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' असे शब्द रूढ केले. फरक एवढाच, की आपण शब्द घडवायला बसलो की हात आपोआप संस्कृतकडे जातो, आणि स्टेव्हिनचा हात बाजारातल्या बोलीकडे गेला. 'समद्विभुज' हा शब्द अचूक आहे, यात वाद नाही. पण तो समजून घ्यायला आपल्या मुलाला आधी थोडे संस्कृत गाठावे लागते.

जहाजांतून गेलेले, जहाजांतून आलेले

सतराव्या शतकात डच जहाजे जगभर फिरत होती. अमेरिकेत त्यांनी न्यू ॲम्स्टरडॅम वसवले. १६६४ साली इंग्रजांनी ते घेतले आणि न्यूयॉर्क नाव दिले. पण मागे शब्द राहिले. ब्रुकलिन हे मूळ डच गाव ब्रोकलन, हार्लेम म्हणजे हारलेम. सिंटरक्लास, म्हणजे संत निकोलस, तिकडे सांताक्लॉज झाला. कोलस्लॉ म्हणजे कोबीची कोशिंबीर. चित्रकारांनी इंग्रजीला 'लँडस्केप' दिले. ज्यावर कॅनव्हास ठेवतात तो 'ईझल' हा मूळ डच 'एझल', म्हणजे गाढव. ओझे वाहतो तो गाढव, मग ते लाकडाचे का असेना.

आणि बॉस? डच 'बास' म्हणजे कामावरचा मुख्य, उस्ताद. अमेरिकेतल्या स्वतंत्र मजुराला आपल्या मुकादमाला 'मास्टर' म्हणणे नकोसे वाटे, कारण तो शब्द गुलाम आपल्या मालकासाठी वापरत. त्याने शेजारचा डच शब्द उचलला. तोच 'बास' दक्षिण आफ्रिकेत पोहोचला तेव्हा उलटे घडले. तिथे काळ्या मजुराने गोऱ्याला मान खाली घालून 'बास' म्हणायचे, अशी रीत पडली. एका किनाऱ्यावर स्वाभिमानाने उचललेला शब्द दुसऱ्या किनाऱ्यावर लाचारीचा झाला. डचमधून निघालेल्या आफ्रिकान्स भाषेने जगाला दिलेला सर्वांत कुप्रसिद्ध शब्द 'अपार्टहाइट' हाही घडणीने अगदी निरुपद्रवी आहे: वेगळेपण. १९४८ पासून तो एका राजवटीचे धोरण झाला आणि त्याच्या नावाखाली पिढ्या चिरडल्या गेल्या.

भारतातही काही शब्द उतरले. हुगळीकाठच्या चिंसुरा इथे १८२५ पर्यंत डच होते. बंगाली घरांत आजही पत्त्यांतल्या बदामाला 'हरतन', चौकटला 'रुइतन' आणि इस्पिकला 'इस्कापन' म्हणतात. हे तिन्ही डच.

पण मला सर्वांत भावते ती उलटी वाट. जावा-सुमात्राकडे गेलेले डच परतताना मसाल्याबरोबर शब्दही घेऊन आले. फार महाग वस्तूला ते अजून 'पेपरड्यूर' म्हणतात, म्हणजे मिरीइतकी महाग. रात्री झोप न लागता माणूस कूस बदलत काळजी करत राहतो, त्याला रोजचा डच शब्द आहे 'पीकरन'. हा शब्द मलाय 'पिकिर'वरून आला, मलायला तो अरबी 'फिक्र'ने दिला. तोच फिक्र फारसीच्या हाताला धरून दख्खनमध्ये आला आणि आपली फिकीर झाला. म्हणजे आम्स्टरडॅममधला बाप मुलाच्या शिक्षणाची जी काळजी करतो आणि सोलापुरातला बाप जी करतो, ती एकाच शब्दाच्या दोन फांद्यांवर बसून.

दुसरा शब्द 'पाकियान'. कचेरीत टाळाटाळ करणारा डच कारकून म्हणतो, ते माझे पाकियान नाही. मूळ मलाय 'बागियान' म्हणजे वाटा, आणि त्याच्या मुळाशी संस्कृत 'भाग'. तो माझ्या कामाचा भाग नाही, हे उत्तर आपल्यालाही कचेऱ्यांतून पुरेसे ऐकून माहीत आहे. तिसरा 'ताबे', निरोप घेतानाचा, आता जरा जुनाट झालेला. मलाय 'ताबिक'मधून आलेल्या या शब्दाचे मूळ संस्कृत 'क्षंतव्य' मानतात. निघताना चुकले-माकले माफ करा म्हणणारा हा शब्द दोन महासागर ओलांडून उत्तर समुद्राच्या काठी पोहोचला. भुईमुगाच्या शेंगदाण्याला डच शब्द 'पिंडा', तो आफ्रिकेतल्या काँगो भाषेतला. 'रोटी' तर आता सरळ डच कोशात आहे. १८७३ पासून उत्तर हिंदुस्थानातले मजूर करारावर सुरिनामला नेले गेले. १९७५ साली तो देश स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांचे अनेक वंशज नेदरलँड्सला आले आणि रोटी घेऊन आले.

माफी मागणारी भाषा

हे शब्द कसे आले, तेही विसरून चालणार नाही. जायफळासाठी १६२१ साली बांदा बेटांवर डच कंपनीने जी कत्तल केली, तिच्यात तिथला समाज जवळजवळ संपला. अटलांटिकपलीकडे गुलामांचा व्यापार झाला. डच पंतप्रधानांनी डिसेंबर २०२२ मध्ये आणि राजांनी १ जुलै २०२३ रोजी त्याबद्दल माफी मागितली. ती माफी शब्दांपर्यंत पोहोचते आहे. 'गुलाम' या शब्दाऐवजी आता अनेक वृत्तपत्रे आणि संग्रहालये 'गुलाम केलेला माणूस' असे लिहितात. कारण गुलाम कोणी जन्मत नाही, त्याला कोणीतरी तसे करते. सतराव्या शतकाला शाळेत 'सुवर्णयुग' म्हणायची पद्धत होती. आम्स्टरडॅमच्या शहर संग्रहालयाने २०१९ साली तो शब्द वापरणे थांबवले. सोने कोणाचे आणि कोणाच्या घामाचे, हा प्रश्न त्यामागे होता. यावर तिकडे कडाक्याचे वादही झाले. पण भाषा जिवंत असल्याचीच ती खूण.

आणखी एक चिंता त्यांना आहे, तीही आपल्या ओळखीची. डच मातृभाषा असणारे सुमारे अडीच कोटी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे आठ कोटींहून अधिक होते. विद्यापीठांत इंग्रजीतून शिकवणे इतके वाढले, की डचला जागा उरेल का हा वाद अलीकडे त्यांच्या संसदेपर्यंत गेला. स्टेव्हिनच्या देशात हा प्रश्न पडावा, याचे अनेकांना वैषम्य वाटते. तरीही रोजची बोली चिवट असते. १ जानेवारी २००२ रोजी युरो नाणे आले आणि पंचवीस सेंटचे जुने 'क्वार्ट्ये' इतिहासजमा झाले. पण एखादी गोष्ट उशिराने लक्षात आली, की डच माणूस आजही म्हणतो, 'क्वार्ट्ये पडले!' आपण तरी आणे जाऊन किती वर्षे झाली, पण सोळा आणे खरे म्हणायचे थांबलो नाही.

या छोट्या देशाने पाण्यासाठी बांध बांधले, शब्दांसाठी दारे उघडी ठेवली, आणि जिथे शब्द नव्हता तिथे लाजता स्वतः घडवला नाही असे केले नाही. बाहेरचा शब्द घेतला म्हणून भाषा बुडत नाही, आणि घरचा शब्द शास्त्रात वापरला म्हणून शास्त्र हलके होत नाही. भाषा बुडते ती आपल्या वाट्याचा बांध कोणी राखेनासे झाले की. मुलांशी घरात बोलणे, त्यांना पुस्तक वाचून दाखवणे, नव्या वस्तूला आपला शब्द देऊन पाहणे, हा प्रत्येकाच्या वाट्याचा तुकडा आहे. ते माझे पाकियान नाही, असे म्हणून कसे चालेल?

उद्या सकाळी गॅस पेटवताना सहज एकदा 'खास' म्हणून पाहा. आणि उरलेली फिकीर चहाबरोबर करू.